तिच्या दारावरची पाटी

झिंडेलफिंगेनमध्ये हिवाळा संपतो तो बुटाखाली वाजत. बर्फावरून कुणी घसरू नये म्हणून चार महिने फुटपाथवर बारीक खडी टाकलेली असते. बर्फ वितळून जातो, खडी मागे राहते. मग मार्चातले पंधरा दिवस सगळं गाव करकरत चालतं. ही खडी बुटाच्या खाचांत बसून बसमध्ये येते, ऑफिसच्या लिफ्टमध्ये येते आणि आमच्या इमारतीचा जिना चढून तिसऱ्या मजल्यावरही येते. काल संध्याकाळी दार उघडलं तर उंबऱ्यापाशी चार खडे पडलेले. राखाडी, हरभऱ्याच्या डाळीएवढे. मी ते उचलून तळहातावर घेतले आणि उल्रिकाचा गुडघा आठवला.

दरवर्षी आठवतो. लोकांना मोहोर बघून काही आठवतं, कुणाला कैरी बघून. मला खडी बघून एका बाईचा डावा गुडघा आठवतो, त्याला माझा इलाज नाही.

उल्रिका माझ्या समोरच्या दारात राहायची. तेव्हा मी या देशात नवीन होते, इथल्या नोकरीला लागून दुसरंच वर्ष. ती स्वीडनची. त्या देशाच्या राष्ट्रीय संघातून फुटबॉल खेळलेली, आणि आमच्या शेजारच्या एका गावाच्या क्लबमध्ये मधल्या फळीत खेळणारी. मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. आमच्याकडे खेळ म्हणजे कबड्डी आणि क्रिकेट, आणि मुलींनी तर दोन्ही कडेला उभं राहून बघायचे. राष्ट्रीय संघातली खेळाडू म्हणजे घरासमोर गाड्यांची रांग असेल अशी माझी समजूत. ही रोज सकाळी सायकलवरून एका शाळेच्या जेवणघरात कामाला जायची. स्वतःच्या देशाचं राष्ट्रगीत भरल्या मैदानात उभं राहून म्हटलेली बाई दुपारी पोरांना सूप वाढायची आणि संध्याकाळी सरावाला पळायची. मी एकदा विचारलं, "देशासाठी किती गोल मारलेस?"

"चार," ती लगेच म्हणाली. "त्यातला एक माझ्या पाठीला लागून गेला."

ती उत्तरेकडच्या, लाकूड कापायच्या गिरण्यांच्या गावातली. तिकडे तिच्या लहानपणी मैदानाला गवत नसायचं. तुडवून तुडवून घट्ट केलेली खडी, त्यावरच खेळायचं आणि त्यावरच पडायचं. बारा वर्षांची होईपर्यंत ती मुलांच्या संघात खेळली, कारण मुलींचा संघ व्हायला गावात मुली पुरत नव्हत्या. डाव्या गुडघ्याच्या खाली कातडीत तिला एक निळसर ठिपका होता. तो दाखवून ती म्हणायची, "हा खडा नवव्या वर्षी आत गेला. माझ्याबरोबर अकरा देश फिरलाय. त्याला पासपोर्ट लागत नाही."

एकोणिसाव्या वर्षी ती देशाकडून खेळली. मग जर्मनीत आली, एका क्लबातून दुसऱ्या क्लबात, सात वर्षं. तिच्या खोलीत बक्षिसं मांडलेली नव्हती. एकच फोटो होता, सगळा संघ मिठ्या मारत ओरडतोय आणि ही फोटोच्या कडेला, पाठमोरी, चेंडू उचलून मधल्या रेषेकडे न्यायला निघालेली. "गोल झाला की खेळ परत मधून सुरू करायचा असतो," ती म्हणाली. "कुणीतरी चेंडू न्यायला हवा ना."

त्या वर्षीच्या सप्टेंबरात सरावात तिच्या त्याच गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं. ती एकतीस वर्षांची होती, आणि पुढच्या जुलैत युरोपातली मोठी स्पर्धा तिच्याच देशात व्हायची होती. आयुष्यभर इतरांच्या गावात जाऊन खेळल्यावर एकदा आपल्या माणसांसमोर खेळायचं, एवढंच तिला हवं होतं. सप्टेंबर ते जुलै, दहा महिने. डॉक्टर म्हणाला, होईल. मग म्हणाला, होऊ शकेल. या दोन वाक्यांमधल्या फटीत ती सगळा हिवाळा राहिली.

आता पाटीबद्दल सांगायला हवं, कारण माझं चुकलं ते तिथे.

आमच्या या श्वाबेन भागात इमारतीचा जिना झाडायला बाई ठेवत नाहीत, भाडेकरूंनी आळीपाळीने झाडायचा आणि पुसायचा असतो. त्याला केरवोखे म्हणतात, म्हणजे झाडायचा आठवडा. केर शब्द ऐकून मला पहिल्या दिवशी माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं होतं. ज्या त्या मजल्याने आपल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या बघायच्या; एका मजल्यावर दोन घरं असतील तर एक आठवडा याचा, एक त्याचा. ज्याचा आठवडा असेल त्याच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकते. रविवारी संध्याकाळी ती काढून समोरच्याच्या दाराला लावायची. बोलायचं काही नाही. पाटी आली की तुमचा आठवडा आला.

आणि काम झालंय की नाही हे बघायला आमच्या खालच्याच मजल्यावर फ्राऊ हेबर्ले होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, पिकलेले केस कापलेले, कंबरेला कायम एप्रन. त्या घरमालकीण नव्हत्या, कुणीच नव्हत्या, पण जिना त्यांचा होता. पायरीच्या मधोमध त्या बघायच्याच नाहीत, थेट कोपऱ्यात बोट फिरवायच्या. मी नवीन असताना त्यांनी मला कोपरा म्हणजे काय हे प्रात्यक्षिकासह शिकवलं होतं. इंजिनिअरिंगची चार वर्षं झाली, पण काटकोन मला त्या दिवशी कळला.

उल्रिकाचं ऑपरेशन झालं तेव्हा पाटी मी माझ्याच दाराला राहू दिली. ती कुबड्यांवर होती, तिच्याकडून जिना कसा होणार. तिने आभार मानले, स्वीडनहून आणलेला चीज खवायचा चपटा चमचा दिला, आणि मी खूश झाले. नोव्हेंबरात कुबड्या गेल्या. पाटी माझ्या दारालाच. डिसेंबरात ती हळू चालायला लागली, जानेवारीत सायकल, फेब्रुवारीत मैदानाभोवती संथ धावणं. एका रविवारी तिने विचारलं, "हा आठवडा माझा ना?" मी म्हटलं, "राहू दे गं." पुढच्या खेपेला पुन्हा म्हटलं, "राहू दे." मला वाटत होतं मी माणुसकी करतेय. परदेशात माणूस माणसाच्या उपयोगी पडत नाही असं म्हणतात, बघा म्हणावं, सांगलीची पोरगी कशी पडते. खरं सांगायचं तर त्या पाटीचा मला गर्व झाला होता.

आणखी एक गोष्ट होती, ती मी तेव्हा कबूल केली नसती. माझी नोकरी गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या तपासायची. एक यंत्राचा हात दिवसरात्र दार उघडतो आणि लावतो, उघडतो आणि लावतो, आणि बिजागरी कधी हात टेकते ते मी टिपून ठेवते. वस्तू किती टिकेल यापेक्षा ती कधी तुटेल हे बघायची मला सवय होती. उल्रिका जिना उतरताना आठव्या पायरीनंतरच्या वळणावर कठड्याला धरून क्षणभर थांबते, हे मी दाराआडून रोज ऐकत होते. ऐकून मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझे वडील आले, तात्या. आई धाकटीच्या बाळंतपणासाठी मागे राहिली, म्हणून ते एकटेच, तीन महिन्यांच्या व्हिसावर. तात्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायचे. तेहतीस वर्षं. त्यांच्या मानेखाली घट्टा पडलाय आणि दोन्ही गुडघे पावसाळ्याच्या आधी आठ दिवस दुखायला लागतात. आमच्या घरात पहिली पदवी माझी. निकालाच्या दिवशी त्यांनी टोळीतल्या सगळ्यांना चहा पाजला होता आणि मुकादमाला सांगितलं होतं, पोरीनं आता डोक्यानं वजन उचलायचं शिकून घेतलंय. मी हे कुठेही सांगताना लाजत नाही. हमालाची मुलगी आहे, आणि माझ्या कपाटात हळदीचा डाग पडलेला त्यांचा एक टॉवेल घडी करून ठेवलेला आहे.

पहिल्या दिवशी तात्या जिना चढून वर आले ते बुटांखाली बघत.

"रूपे, हे काय गं? घरात बी खडी?"

"बर्फासाठी टाकतात तात्या. आता झाडून काढतील."

"टाकायची आन् झाडायची. बरं काम काढलंय." मग दाराच्या मुठीकडे बोट. "आन् ही पाटी?"

मी समजावून सांगितलं. समोरच्या बाईचा गुडघा, ऑपरेशन, आणि सहा महिने तिची पाळी मीच कशी करतेय ते जरा जोर देऊन. शाबासकी येईल असं वाटलं. तात्यांनी पाटी हातात घेतली, उलटून पाहिली, परत अडकवली. "हं," म्हणाले, आणि आत आले.

दोन दिवसांनी त्यांची आणि उल्रिकाची जिन्यात गाठ पडली. दोघांना एकमेकांच्या भाषेचं एक अक्षर येत नव्हतं. मी बाजारातून परत आले तर दोघं वरच्या पायरीवर शेजारी बसलेली. तिने पँट वर सरकवून ऑपरेशनचे वण दाखवले होते, यांनी धोतर वर करून आपले सुजलेले गुडघे. ती बोटाने दाबून बघत होती आणि हे मान हलवत होते, दोन सुतारांनी एकमेकांची करवत बघावी तसे. "बाई कामाची हाय," आत आल्यावर ते म्हणाले. "गुडघ्याची तिला जाण हाय."

त्यानंतरचा रविवार. संध्याकाळचे सहा वाजले असतील, उजेड होता. दारापाशी खुट्ट झालं म्हणून मी उघडलं तर उल्रिका माझ्या मुठीवरून पाटी काढत होती.

"ही मी नेते," ती म्हणाली. आम्ही इंग्रजीतच बोलायचो, अडलं की जर्मन.

"अगं, राहू दे ना. या आठवड्यात खडी किती आहे बघ."

"म्हणूनच नेते."

"गुडघ्याला उगाच ताण कशाला? मी करते. मला काही त्रास नाही."

पाटी हातात धरून ती उभी राहिली. मग शांतपणे म्हणाली, "रूपाली, मी खेळणार नाही असं वाटतं तुला?"

"मी असं कधी म्हटलं?"

"म्हटलं नाहीस. पाटी दिली नाहीस."

ती पुढे बोलली, आणि आवाज चढवला नाही याचंच मला जास्त लागलं. "फिजिओ म्हणतो, जिना उतर. पुढे वाक, पाठमोरी उतर, वजन या पायावर घे. मी म्हटलं, माझ्या घरी असं काम आहे, आठवड्याला सोळा पायऱ्या. तो म्हणाला, उत्तम, तेच कर. पण तू मला जिना देतच नाहीस. सप्टेंबरपासून सगळे माझ्याशी चांगलं वागतात. क्लबात चांगलं वागतात. राष्ट्रीय संघाची प्रशिक्षक बाई फोनवर चांगलं बोलते. एक सांगू? मी देशाकडून बारा वर्षं खेळतेय. लोक चांगलं बोलायला लागले की समजायचं, संघाच्या यादीत आपलं नाव नाही. या इमारतीत एकटी हेबर्ले माझ्यावर खेकसते. तिला मी सायकल चुकीच्या जागी लावते याचा राग आहे. तिला भेटलं की मला बरं वाटतं."

तिने पाटी परत माझ्या मुठीला अडकवली. "तर मग, तू ठरव," म्हणाली आणि आत गेली. दार आपटलं नाही.

तात्या स्वयंपाकघरात चहा गाळत होते. शब्द कळले नव्हते, सूर कळला होता. "काय म्हणत होती?"

मी सांगितलं. सांगता सांगता मला कॉलेजचं तिसरं वर्ष आठवलं. सेमिनार होता, प्रत्येकाने इंग्रजीतून बोलायचं. मी मराठी माध्यमाची. महिनाभर आरशासमोर पाठ केलं होतं, टोळीतल्या कुणाच्या तरी लग्नाला गेले नाही, त्याच्यासाठी घरी बोलणी खाल्ली. सेमिनारच्या दिवशी सर म्हणाले, "तू राहू दे. तुझे मार्क मी असेच देतो." फार मायेने म्हणाले. चांगला माणूस. मार्कही चांगले दिले. मी बाकावर बसून बाकी सगळ्यांची भाषणं ऐकली आणि हातातले कागद घडी करत करत इतके लहान केले की मुठीत मावले. ते "राहू दे" मी दहा वर्षं पोटात घेऊन फिरत होते. आणि तेच दोन शब्द मी सहा महिने जिन्यात वाटत होते, मायेने.

तात्यांनी कपबशी खाली ठेवली. "आमच्या यार्डात कसं असतंय," ते म्हणाले, "आजारातनं उठून गडी कामावर आला, की त्याचं पोतं कुणी न्हेत न्हाई. न्हेलं तर त्यो संपला. दुसऱ्या दिवशी येतच न्हाई."

"मग काय करता?"

"करायचं काय? पोतं पाठीवर द्यायला रोजच दोघं लागत्यात. तेवढं द्यायचं. नीट द्यायचं, मानेला हिसका बसू न देता. आन् बाजूला व्हायचं. चालायचं ते त्यानं." कपबशी परत उचलत म्हणाले, "तू द्यायचं सोडून न्ह्यायलाच लागलीस."

मी उठले, पाटी काढली आणि समोरच्या मुठीला लावली. चार पावलांचं अंतर. विमानाने आले तेव्हाही इतकं लांब वाटलं नव्हतं.

शनिवारी सकाळी तात्यांनी विचारलं, तिला काय काय मना आहे. भरलेली बादली वाकून उचलायची नाही, एवढं मला माहीत होतं. त्यांनी आमच्या न्हाणीतून दोन बादल्या गरम पाण्याने भरल्या. एक वरच्या पायरीवर ठेवली, एक आठ पायऱ्या उतरून वळणावर. समोरची बेल वाजवली, आत आले, दार लावलं. मी दाराला कान लावला तर म्हणाले, "सरक तिकडं. बघत्यात व्हय असं?" पण स्वतः चपला घालायच्या निमित्ताने दारापाशीच बसून राहिले.

आधी झाडूचा आवाज, आणि खडे एकेका पायरीवरून टपटपत खाली जाण्याचा. मग ओला फडका. फडका, थांबणं, पिळणं, पुन्हा फडका. सातव्या पायरीवर ती थांबली. बराच वेळ. माझा हात कडीकडे गेला तसा तात्यांनी नुसतं पाहिलं. मग पुन्हा फडका लागला.

तासाभराने बेल वाजली. घामाघूम झालेली, केस कपाळाला चिकटलेले, दोन्ही बादल्या रिकाम्या करून आणलेल्या, आणि तोंडभर हसू. "तक्रार आली," ती म्हणाली. "हेबर्ले म्हणते, कोपऱ्यात खडे राहिलेत. हे काय झाडणं म्हणायचं का, म्हणते."

तात्यांना मी भाषांतर करून सांगितलं. तेही हसले. "बरी आली म्हातारी," म्हणाले.

मग एकाआड एक आठवडा तो सोळा पायऱ्यांचा सामना चालू झाला. तिच्या शनिवारी दोन बादल्या. तिची थांबायची पायरी सातवीवरून अकरावीवर गेली, एप्रिलात चौदावीवर. समोरच्या बागेत चेरीचं झाड पांढरं झालं, फुटपाथवरची खडी नगरपालिकेची गाडी घोंघावत येऊन ओढून घेऊन गेली, पण जिन्याच्या सांदीत ती मे महिन्यापर्यंत निघत राहिली. फ्राऊ हेबर्ले बोट फिरवत राहिल्या. आता तर त्या तिच्या शनिवारी मुद्दाम दार उघडं ठेवून आत बटाटे सोलत बसायच्या, आणि ती खालच्या पायरीवर पोचली की बाहेर यायच्या. एकदा मी विचारलं, बाईचा गुडघा दुखतो हे तुम्हाला माहीत आहे ना? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच कोपऱ्यात राहिलेली खडी. "गुडघा तिचा," म्हणाल्या. "जिना सगळ्यांचा."

मेच्या सुरुवातीला क्लबच्या मैदानावर ती परत खेळली. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं. मी आणि तात्या गेलो होतो. गावाबाहेरचं मैदान, एका बाजूला सफरचंदाची झाडं, दुसरीकडे बाकड्यांच्या चार रांगा, सॉसेज भाजायचा धूर. तात्यांनी बटाट्याच्या तळलेल्या फोडी घेतल्या आणि मफलर गळ्याभोवती आवळून बसले. ती मैदानात उतरली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढची पाच मिनिटं तात्यांची नजर तिच्यावरच होती. मग म्हणाले, "ही तर हमाली करतीय."

"म्हणजे?"

"बघ की. मागनं माल येतोय, ही उतरवून घेती. वळती. पुढच्या पोरीच्या पाठीवर देती. परत रिकामी होऊन मागं. हिला कुणी बघत न्हाई, पण हिच्या हातनं सुटला तर सगळं यार्ड थांबंल." फोड तोंडात टाकून म्हणाले, "नाव मातुर गोल करणारीचं."

मधल्या फळीतली खेळाडू काय करते हे त्यानंतर मला कुणी समजावायची वेळ आली नाही. एकदा ती पडली. बाकड्यांवरचे सगळे उठून उभे राहिले, मीही. ती उठली, गुडघ्याला लागलेलं गवत झटकलं आणि चेंडूमागे गेली. घरी परतताना तात्या आम्हा दोघींच्या मधून चालत होते. तिच्याकडे बघून आपल्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "खांदा हाय अजून." मी सांगितलं, ते म्हणतायत तुझ्यात ताकद आहे. ती म्हणाली, "त्यांना सांग, यादी महिनाअखेरीस आहे. तोपर्यंत थांबा म्हणावं."

ते थांबणार होतेच. त्यांचं विमान यादीनंतर दोन दिवसांनी होतं.

यादीचा गुरुवार सुट्टीचा होता, कुठल्याशा चर्चच्या सणाचा. रस्त्यात शुकशुकाट, लांबून घंटा. दुपारी एक वाजता यादी जाहीर व्हायची होती, पण ज्यांना घ्यायचं नाही त्यांना सकाळीच फोन येतात हे तिने मला सांगून ठेवलं होतं. त्यामुळे फोन न वाजणं म्हणजे चांगलं. मी सकाळपासून पोळ्या लाटत होते आणि समोरच्या घराकडे कान होता. इतक्या पोळ्या केल्या की तात्या म्हणाले, पंगत हाय काय आज?

अकराच्या सुमाराला तिचा फोन वाजला. दोन भिंतींतून ऐकू आला. फार वेळ चालला नाही.

थोड्या वेळाने मी दार उघडलं. ती तिच्या दारात उभी होती, मुठीवरच्या पाटीकडे बघत. तिचाच आठवडा होता. माझ्याकडे बघून म्हणाली, "ती फार चांगलं बोलली."

एवढंच. मला सगळं कळलं.

माझा हात पाटीकडे गेला. अगदी खरं सांगते, शब्द ओठांवर आले होते, तेच दोन. आज राहू दे. कुठल्याही माणसाने म्हटलं असतं. ती माझ्या हाताकडे बघत होती. मी हात मागे घेतला. इतकं जड काही मी त्याआधी उचललं नव्हतं, आणि यात तर काही उचललंही नव्हतं.

मागे न्हाणीत नळ सुटल्याचा आवाज आला. तात्या बादली भरत होते. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. एक वर ठेवली, एक वळणावर. तिच्यासमोरून जाताना थांबले नाहीत, आत आले, दार लावलं. आम्ही दोघं दारापाशी जमिनीवर बसलो, बापलेक. चपला घालायचं निमित्तही कुणी केलं नाही.

फडका. पिळणं. फडका. सातवी गेली. वळणावर पाणी ढवळल्याचा आवाज. अकरावी, चौदावी. तात्या बोटांच्या पेरांवर मोजत होते, पोती मोजायचे तसे. कुठेही ती थांबली नाही. सोळा झाल्या. खालून फडका आपटल्याचा आवाज आला.

"पाय बरा झाला की गं तिचा," तात्या हळू म्हणाले. मग टॉवेलने डोळे पुसले. "नाव आलं न्हाई ते येगळं."

मी दार उघडून कठड्यावरून खाली पाहिलं. फ्राऊ हेबर्ले बाहेर आल्या होत्या. सुट्टीचा दिवस, एप्रन नव्हता, चर्चला जायचे कपडे. त्यांना कळलं होतं की नव्हतं, देव जाणे. मला वाटतं कळलं होतं, पातळ भिंतींच्या इमारतीत अकराचा फोन सगळ्यांनाच ऐकू जातो. मी मनात म्हटलं, आता या काहीतरी चांगलं बोलतील आणि ती मोडून पडेल.

त्या वाकल्या. शेवटच्या पायरीच्या कोपऱ्यात बोट घातलं, खूप आतपर्यंत, आणि एक खडा काढून तिच्यासमोर धरला.

"एक राहिला," म्हणाल्या.

उल्रिकाने तो घेतला. क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग ती हसायला लागली, भिंतीला टेकून, फडका छातीशी धरून, हसता हसता रडली आणि पुन्हा हसली. फ्राऊ हेबर्ले तिथेच उभ्या राहिल्या. हात लावला नाही, गेल्याही नाहीत. तो खडा तिने खिशात टाकला, एका हातात रिकामी बादली घेतली आणि दम न लागता वर आली.

रविवारी संध्याकाळी सहा वाजता आमच्या दारापाशी खुट्ट झालं. पाटी. तात्या आदल्या दिवशीच गेले होते. पुढचं वर्षभर ती क्लबकडून खेळली, मग आपल्या गावी परत गेली. तिथल्या मुलींना शिकवते. आता मुली संघापुरत्या मिळतात, उरतातसुद्धा, असं तिने एकदा कळवलं.

समोरच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. पंधरा दिवसांपूर्वी त्यांना मुलगी झाली. दोघांचे डोळे जागून जागून लाल झालेत, आणि या आठवड्याची पाटी त्यांच्या दाराला आहे. काल ते चार खडे हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते. मग ते होते तिथे, उंबऱ्यापाशी, परत ठेवले. आज शनिवार. सकाळी दोन बादल्या गरम पाणी भरलं, एक वरच्या पायरीवर ठेवली, एक वळणावर. बेल वाजवली, आत आले आणि दार लावून घेतलं.